मोनोग्राम बसवण्याआधी भोक मोजा

जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. डेंटिंग-पेंटिंग नुकतंच पूर्ण झालं. डिकीवरचा मोनोग्राम, म्हणजे गाडीच्या नावाची धातूची अक्षरं, फुटला होता म्हणून हुबेहूब बनवलेला नवीन मागवला. मागे तीन पिना आहेत. दोन भोकांत जातात, तिसरी बाजूला राहते. पेंटर म्हणतो, पिन जरा वाकवून बसवून देतो. बसवू द्यावं का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नाही. आजच फोन करून पेंटरला थांबवा.

हे मोनोग्राम बहुतेक वेळा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात आणि वर क्रोमचा मुलामा असतो. मागची पिन त्याच ओतकामातून निघालेली असते. खिळ्यासारखी ती वाकत नाही. जरा जोर लावला की कट् असा बारीक आवाज येतो आणि पिन मुळातून हातात येते. आमच्या घरच्या फियाटचा मोनोग्राम मी असाच मोडला. तेव्हा सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात, नोकरीला होतो, रोज धातूशीच काम, तरी घाई केली. तुटका तुकडा घेऊन नाशिकच्या तांबट लेनमध्ये गेलो, म्हटलं डाक देऊन जोडून मिळेल. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने नखाने मुलामा खरवडून पाहिला आणि म्हणाला, "जस्त आहे. तापवलं की पितळी डाक धरायच्या आधीच हे खाली गळेल." त्याने पैसे घेतले नाहीत, तुकडा कागदात गुंडाळून परत दिला.

तुमची तिसरी पिन का चुकते, तेही समजून घ्या. असा मोनोग्राम अनेकदा जुन्या नगावरून साचा घेऊन केलेला असतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. साचा बनवणाऱ्याने ती आकस धरून माप वाढवलं नसेल, तर वीतभर लांबीत सहज मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी भरतं. टोकाच्या दोन पिना जवळ आलेल्या असतात आणि भोकं मात्र कंपनीने पाडली तिथेच असतात. म्हणजे पत्र्याची चूक नाही, तुमच्या पेंटरचीही नाही. माझं एवढंच सांगणं असतं की माल आला की आधी व्हर्निअर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) काढा, पिनांमधलं अंतर आणि पिनेची जाडी मोजा, भोकं मोजा. आणि हे रंगाच्या आधी करा, म्हणजे कानस चालवायला भीती वाटत नाही.

तुमचा रंग होऊन गेलाय, तेव्हा आता असं करा. शर्टच्या खोक्यातला पुठ्ठा घ्या आणि मोनोग्रामच्या पिना त्यातून दाबून आरपार करा. हा झाला तुमचा नकाशा. डिकीवर भोकांच्या भोवती मास्किंग टेप लावा, पुठ्ठा धरा, दोन भोकं जुळवा आणि तिसरं किती सरकलंय ते पेन्सिलीने टेपवर काढा. फरक दोन मिलिमीटरच्या आत असेल तर त्याच दिशेने भोक लांबट करायचं. त्यासाठी बारीक गोल कानस, सोनाराच्या सेटमध्ये असते ती. कानस बाहेरून आत ढकलताना कापू द्या, परत ओढताना पत्र्याला लागू देऊ नका. आत ढकलताना रंग पत्र्यावर दाबला जातो. ओढताना घासली तर रंगाची कड उचलते आणि टिकल्यांसारखे कपचे निघतात. दहा-बारा वेळा कानस मारा, थांबा, मोनोग्राम लावून पाहा, पुन्हा मारा. भोक कुठल्याही बाजूने मोनोग्रामच्या अक्षराबाहेर दिसता कामा नये.

फरक तीन मिलिमीटरच्या वर असेल तर भोकाच्या मागे लागू नका. तिसरी पिन करवतीने कापून टाका, मुळाशी कानस मारून सपाट करा आणि त्या जागी चांगल्या प्रतीच्या दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावा. दोन पिना आणि एक पट्टी, मोनोग्राम हलत नाही. काही मंडळींना पट्टी म्हणजे फसवणूक वाटते. मला तसं वाटत नाही. नव्याने भोक पाडून पत्रा चाळणी करण्यापेक्षा ती बरी.

आता खरं महत्त्वाचं. कानशीने उघडा पडलेला पत्रा तसाच ठेवून वर मोनोग्राम चढवला, तर दोन पावसाळ्यांत अक्षराखालून तपकिरी ओघळ येईल. शहरात पाऊस बेताचा असतो, पण तुम्ही गाडी इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला नेणारच. म्हणून भोकाच्या कडेला बारीक ब्रशने प्रायमर, वाळल्यावर दुसरा हात, मग रंग. एक दिवस जाऊ द्या. पिनेच्या मुळाशी काच बसवणाऱ्यांकडे मिळते ती न वाळणारी काळी लांबी (पुट्टी) वळून लावा. आतून स्प्रिंग नट (पिनेवर दाबून बसवायचे, आत दात असलेले) लावायचे तर नवेच घ्या. एकदा काढलेल्या नटाचे दात बोथट झालेले असतात. आणि ते ठोकू नका. पिनेवर बसेल अशा नळीच्या तुकड्याने अंगठ्याच्या जोरात सरळ दाबा, अक्षराला समोरून दुसऱ्या हाताच्या तळव्याचा आधार द्या. पत्रा आणि मोनोग्राम यांच्यामध्ये लांबीची बारीक कड दिसली की थांबा. रंग अगदी ताजा असेल तर दोन-तीन आठवडे थांबून हे करा, नाहीतर मोनोग्रामचा ठसा रंगात कायमचा उठतो.

तुटलेला जुना मोनोग्राम फेकू नका. पिनेच्या जागी अक्षर पुरेसं जाड असेल तर तिथे अडीच मिलिमीटरचं भोक पाडून तीन मिलिमीटरचा टॅप मारता येतो, म्हणजे भोकात आटे पाडता येतात. त्यात पितळेचा आटेवाला तुकडा एपॉक्सी लावून बसवा. ड्रिलच्या बिटवर खोली मोजून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बिट समोरच्या क्रोममधून बाहेर येणार नाही. आमच्या फियाटचा तुटलेला मोनोग्राम मी शेवटी असाच उभा केला आणि तो आजही डिकीवर आहे.

प्रश्न : माझ्या अॅम्बॅसेडरचं ग्रिल, बंपर आणि आतल्या पट्ट्या यांसाठी एका दुकानदाराने स्टेनलेसचे नट-बोल्ट आणि स्क्रूंचा पूर्ण सेट दिला. काही बोल्ट दोन आट्यांनंतर अडकतात, तर काही स्क्रू नुसते हलतात. भोकं खराब झाली असतील का? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : भोकं बहुधा चांगली आहेत, सेट चुकीचा आहे. तुमची गाडी मूळची ब्रिटिश, मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली. तिचे आटे इंचात आहेत. दुकानदाराने मिलिमीटरचे दिलेत.

हातात घेऊन बघा. पाव इंची बोल्टची जाडी ६.३५ मिलिमीटर आणि इंचात २८ आटे, म्हणजे एक आटा साधारण ०.९१ मिलिमीटरचा. सहा मिलिमीटरचा बोल्ट जाडीला कमी आणि त्याचा आटा एक मिलिमीटरचा. म्हणून तो भोकात सहज शिरतो, थोडा फिरतो आणि आटे आट्यांवर चढून अडकतो. तिथे पान्याने जोर केला तर भोकातले आटे सोलून निघतात. लहान स्क्रूंमध्ये फसगत जास्त होते. दहा-बत्तीसचा स्क्रू (इंची मापातला दहा नंबरचा, इंचात ३२ आटे) ४.८३ मिलिमीटर जाड, आटा ०.७९ चा. पाच मिलिमीटरवाल्याचा आटा ०.८ चा, म्हणजे जवळजवळ तोच. त्यामुळे दहा-बत्तीसचा स्क्रू पाच मिलिमीटरच्या नटात शेवटपर्यंत फिरतो आणि कुठेही अडत नाही. गाडी खड्ड्यातून गेली की मात्र खुळखुळायला लागतो. गाडीचे जुने स्क्रू सेटमधल्या नटांत घातले असतील, तर ते याचमुळे हलत असावेत.

मोजायला थ्रेड गेज (आटे जुळवून पाहायच्या दातेरी पट्ट्या) घ्या, स्वस्त असतो. तो नसेल तर गाडीवरचा जुना, खात्रीचा स्क्रू नव्याच्या शेजारी आडवा धरून दोन्हीचे आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर जोडी नाही. आणि एक लक्षात ठेवा : तुमच्या गाडीत नंतरचं ईसुझूचं इंजिन असेल तर इंजिनाला मिलिमीटरचेच लागतील. एकाच गाडीत दोन्ही भाषा चालतात, म्हणून डबे वेगळे ठेवा.

स्टेनलेसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ग्रिल, पट्ट्या, नंबर प्लेट इथे खुशाल वापरा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवू नका, दोन्ही एकमेकांना चावून जाम होतात. थोडं ग्रीस लावा. पण सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीट बेल्ट यांना चमकतो म्हणून स्टेनलेस नको. नेहमीच्या ए-टू सत्तर प्रतीच्या स्टेनलेसची ताकद दर चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन, ८.८ प्रतीच्या पोलादी बोल्टची ८००. इंचाच्या बोल्टमध्ये डोक्यावर तीन रेघा असलेला, पाचव्या ग्रेडचा घ्या. डोकं कोरं असेल तर दुकानात परत द्या.

प्रश्न : माझी पद्मिनी १९७५ ची आहे. तिच्यावर "फियाट"चा मोनोग्राम लावला तर चालेल का? आणि नवीन बनवलेला मोनोग्राम लावल्याने विंटेज नोंदणीला अडचण येईल का? – एक वाचिका, सिन्नर

उत्तर : ताई, गाडी तीच असली तरी १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तुमची १९७५ ची, तेव्हा तिला तिचंच नाव द्या. फियाटचा मोनोग्राम लावलात तर जाणकार माणूस पहिल्यांदा साल विचारेल आणि मग बाकीच्या गाडीकडेही संशयाने बघेल.

नोंदणीचं म्हणाल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नियमाचा रोख चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा यावर आहे. डिकीवरचा मोनोग्राम त्यात बसत नाही. मात्र अशी नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. सिन्नरहून नाशिकला रोज ये-जा करत असाल तर आधी याचा विचार करा.

मी बसवतो त्या प्रत्येक नव्या मोनोग्रामच्या मागे टोच्याने "नवा" आणि साल कोरतो. पुढे कधी गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला मागची बाजू बघून कळतं. तुम्हीही बसवण्याआधी तेवढं कोरून घ्या, एकदा बसला की मागचं दिसत नाही.