वाचकांचे प्रश्न : ‘दुष्काळावर ग्रंथालयात काहीच नाही’

प्रश्न : मी सोलापूरला एम.ए. करते. सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांतला दुष्काळ व स्थलांतर हा माझ्या प्रबंधिकेचा विषय. ग्रंथालयाच्या संगणकावर ‘मंगळवेढा’ टाकलं तर संतचरित्रं निघाली! सर म्हणतात, विषय बदल. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : विषय मुळीच बदलू नकोस. संतचरित्रंही बाजूला सारू नकोस. दुष्काळात कोठारं खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा मंगळवेढ्याचीच आहे.

माझी सारी नोकरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली, म्हणून सांगते. दुष्काळाची माहिती ‘दुष्काळ’ नावाच्या पुस्तकात फारशी नसते, ती सरकारी कागदात असते. तेव्हा जुनी गॅझेटियर्स, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारे सरकारी ग्रंथ, आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका कोणत्या कपाटात आहेत, ते थेट विचार. पुष्कळ ठिकाणी त्यांची संगणकावर धड नोंदच झालेली नसते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४चा. १८७६-७७चा दुष्काळ तेव्हा ताजा होता. इंग्रजी सूचीत सोलापूरचं स्पेलिंग ‘एस-एच’ने कर, नाहीतर तो हाती लागायचा नाही. राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड इंटरनेटवर मोफत ठेवलेत. आकडे घे, जातींची वर्णनं मात्र साहेबाच्या खुर्चीतून लिहिलेली आहेत, ती जपून वाच.

खरी गोची पुढेच आहे. सांगोला इंग्रजांच्या मुलखात, पण मंगळवेढा सांगली संस्थानात! म्हणजे एकाच सलग माळरानाचे कागद दोन दरबारांत. मंगळवेढ्यासाठी सांगली संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल शोध. स्वातंत्र्याआधीचे दोन्ही तालुके एकाच तक्त्यात कोंबायला जाशील तर फसशील. उलट ही फाळणीच तुझ्या प्रबंधिकेचं एक प्रकरण होऊ शकते. सरांना हे जरूर सांग.

स्थलांतरासाठी १९७१ आणि १९८१च्या जिल्हा जनगणना पुस्तिका शेजारी शेजारी उघड. मध्ये १९७२चा दुष्काळ येतो. त्यांत गावनिहाय लोकसंख्या असते. तालुक्याच्या मानाने ज्या गावाची वाढ फारच कमी दिसेल, तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा आणि कोण कुठे गेलं ते विचार.

‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विद्यापीठांतले प्रबंध फुकट मिळतात. तिथे एकेक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असतं. तू आधी संदर्भसूचीची फाइल उघड. दुसऱ्याने वर्षं घालवून जमवलेली वाट तिथे आयती मिळते. निष्कर्ष नंतर वाच, नाहीच वाचलेस तरी फार बिघडणार नाही.

पुण्याला जमलं तर गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय गाठ. सरकारी अहवालांसाठी त्याचं नाव आहे. जाण्याआधी फोन कर आणि विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र, ओळखपत्र बरोबर ठेव. मागायच्या अहवालांची नावं-वर्षं कागदावर लिहून ने. नुसतं ‘दुष्काळावर काही आहे का?’ विचारलंस, तर तिथेही ‘नाही’च म्हणतील.