अख्खं घर घेऊन निघताना

सूनबाई, यंदा मे महिन्यातल्या गावांच्या फेऱ्यांचं तू ठरवणार आहेस, म्हणून सांगते. पाहुण्यांकडे जायचा क्रम आधी मोठ्यांना विचारून ठरव. आत्याबाईंचं घर आधी, मग मामांचं. रस्ता थोडा लांबला तरी चालेल, पण आत्याबाई ते वर्षभर मनात धरतात आणि त्यांचा मान खरंच पहिला आहे.

रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात. म्हणून प्रत्येक तिकिटात एक तरी कर्ता माणूस घाल, नाहीतर एका डब्यात नुसती लेकरं आणि म्हाताऱ्या येतात. बडनेरा किंवा वर्ध्याला उतरल्यावर पुढे एसटीच बरी. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. आजींचं आधार कार्ड तुझ्याच पर्समध्ये ठेव.

उन्हाला मात्र हलक्यात घेऊ नको. अकोला, चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो. पहाटेची गाडी धर, अकराच्या आत कुणाच्या तरी ओसरीवर पोचा. दुपट्टे, पाण्याची कॅन, कैरीचं पन्हं सोबत हवंच. शिदोरीला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घे, भाजी आंबते.

आणखी एक. इतकी माणसं जेवायला येणार हे यजमानीणबाईंना दोन दिवस आधी फोनवर सांग. गेल्यावर लगेच पदर खोचून पोळ्या लाटायला बस. ती नको म्हणेल, तरी बस. एका घरी दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नको. तिथल्या विहिरीलाही उन्हाळ्यात पाणी कमीच असतं.