मुंबईत इमारतींचे बांधकाम नियम बदलण्याची सूचना निघाली, तर सोसायटीच्या सभासदाने तीत काय तपासायचं आणि हरकत कशी लिहायची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: उपनगरातली पस्तिशीतली सोसायटी, पुनर्विकासाची बोलणी चालू, आणि मध्येच नियम बदलण्याची सरकारी सूचना पेपरात आली. कमिटी म्हणते एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) वाढतोय, मग हरकत कशाला? तुम्हाला शंका आहे आणि ती रास्त आहे. एफएसआयचा आकडा हा अशा सूचनेतला वाचायला सगळ्यात सोपा भाग. घर राहण्याजोगं होणार की नाही, हे बाजूची मोकळी जागा, खिडकी, जमिनीवरचं आरजी (रहिवाशांसाठी राखलेली मोकळी जागा), पार्किंग आणि सवलतीचं कलम यांवर ठरतं. त्या पानांपर्यंत कमिटी सहसा पोचत नाही.

आधी योग्य नियमावली हातात घ्या. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' चालते, सगळे तिला डीसीपीआर म्हणतात. मे २०१८मध्ये ती मंजूर झाली आणि १ सप्टेंबर २०१८पासून अमलात आली. नेटवर शोधताना बऱ्याचदा यूडीसीपीआर हाती लागतो. तो डिसेंबर २०२०चा, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुणे अशा शहरांचा. मुंबईला तो लागू नाही. त्यातली कलमं उचलून लिहिलेली हरकत पहिल्याच वाचनात बाजूला पडते. दुसरं असं की २०१८नंतर मूळ मजकुरात बरेच फेरबदल झालेत, तेव्हा जुनी पीडीएफ उघडून तुलना करू नका. जमीन म्हाडाच्या लेआउटमधली असेल तर विनियम ३३(५), उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर लागणारी जुनी) इमारत असेल तर ३३(७), साधी सोसायटी असेल तर ३३(७)(ब) आणि एफएसआयचा तक्ता १२. आपण कुठल्या खणात बसतो, हे ठरल्याशिवाय पुढचं वाचून उपयोग नाही.

मग सूचना कुठल्या कलमाखाली आहे ते बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ३७(१) असेल तर प्रस्ताव महापालिकेचा असतो आणि हरकती तिच्या विकास नियोजन खात्याकडे जातात. ३७(१अअ) असेल तर नगर विकास विभागाने तो थेट काढलेला असतो आणि हरकती बहुधा बृहन्मुंबईच्या नगररचना उपसंचालकांकडे मागवतात. दोन्हीकडे मुदत एक महिना. ती पेपरात वाचल्या दिवसापासून मोजू नका, सूचनेत जी तारीख धरायला सांगितली आहे तिथून मोजा. शेवटच्या परिच्छेदात कलम १५४चा उल्लेख आहे का तेही पाहा. असेल तर सरकारने 'अंतिम मंजुरीपर्यंत थांबू नका, आत्तापासूनच लागू करा' असा आदेश जोडला आहे. अशा वेळी महिनाभर सल्लामसलत करत बसलात, तर तेवढ्यात नव्या नियमाने नकाशे मंजूर व्हायला लागलेले असतात. पहिल्याच आठवड्यात हरकत द्या, आणि हरकतींवर निर्णय होईपर्यंत कलम १५४खालचा आदेश स्थगित ठेवावा ही मागणीही तीतच घाला.

आता एफएसआय, एकदाच हिशोब करून बाजूला ठेवू. तक्ता १२ मध्ये उपनगरातल्या निवासी प्लॉटला मूळ एफएसआय १. त्यावर प्रीमियम भरून मिळणारा ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क), पण रस्त्याच्या रुंदीनुसार. मूळ तक्त्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर १वरच थांबायचं. ९ ते १२ मीटरला एकूण २. १२ ते १८ला २.२, १८ ते २७ला २.४, त्यापुढे २.५. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयवर मिळणारं जादा क्षेत्र. तेव्हा १००० चौ. मी. प्लॉट आणि १३ मीटर रस्ता असेल तर २२०० अधिक ७७०, एकूण २९७० चौ. मी. तोच प्लॉट ७ मीटरच्या गल्लीत असेल तर १३५०. शिवाय ३३(७)(ब) मध्ये जुन्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौ. मी., यांतलं जे जास्त ते विनाप्रीमियम मिळतं. १००० चौ. मी. जुनं बांधकाम आणि २० घरं असतील तर १५० आणि २०० मधले २००. तेव्हा सूचनेत रुंदीच्या पायऱ्या बदलल्या असतील, तर तुमचा रस्ता प्रत्यक्ष किती, डीपीत (विकास आराखड्यात) किती आणि महापालिकेने महापालिका कायद्याच्या कलम २९७खाली आखलेली रेग्युलर लाइन (रस्त्याची ठरवलेली हद्द) किती, हे डीपी रिमार्क आणि आरएल रिमार्क काढून आधी पक्कं करा. ८.८ मीटर की ९ मीटर, या वादावर अख्खे प्रकल्प अडकतात.

एक बाब मात्र सुटू देऊ नका. जिना, लिफ्ट लॉबी, पोडियम (इमारतीच्या पायथ्याचा उंच चौथरा), पार्किंगचे मजले, रिफ्यूज (आगीच्या वेळी थांबायची जागा) यांतलं बरंच काही एफएसआयमध्ये धरत नाहीत. म्हणून २९७० चौ. मी.ची इमारत प्रत्यक्षात त्याहून बरीच मोठी उभी राहते. नव्या सूचनेत 'एफएसआयमधून वगळण्यात येईल' हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे खूण करा. जानेवारी २०१२च्या फेरबदलाआधी फ्लॉवर बेड, व्हॉइड, डक्ट असं मोफत मिळणारं क्षेत्र नकाशात दाखवून नंतर सर्रास घरात मिसळलं जायचं. ते मोजायला लावून बदल्यात ३५ टक्के फंजिबल द्यायचं, ही तेव्हाची तडजोड. आता मोफत क्षेत्र नव्या नावाने परत येत असेल आणि फंजिबलही तसंच राहत असेल, तर ती हरकतीची जागा.

सगळ्यात जास्त वेळ मोकळ्या जागेवर घालवा. १९९१च्या नियमावलीत, ज्या बाजूने राहत्या खोलीला उजेड-हवा मिळते तिथली जागा इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, हे मूळ सूत्र होतं. २४ मीटर उंचीला ८ मीटर. समोर तेवढ्याच उंचीची इमारत ८ मीटरवर असेल, तर तळमजल्यावरून आभाळाचा सुमारे १८ अंशांचा तुकडा दिसतो. अंतर ३ मीटरवर आणलंत तर ७ अंश. म्हणजे दुपारीही दिवा. याचे परिणाम कागदावरचे नाहीत. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८मधल्या अभ्यासाने हेच दाखवलं: जेमतेम ३ मीटरवर उभ्या इमारती, खालच्या मजल्यांवर कोंदट अंधार आणि क्षयरोगाचं जास्त प्रमाण. म्हणून मोकळ्या जागेचा आकडा कमी होत असेल तर तुमच्या प्लॉटचा काटछेद काढा, तळमजल्याच्या खिडकीतून समोरच्या टेरेसच्या कठड्यापर्यंत रेघ मारा आणि कोन लिहा. अधिकारी भावना वाचत नाहीत, कोन वाचतात.

खिडकीच्या नियमात एक पळवाट आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी खोलीच्या क्षेत्राच्या एक षष्ठांश उघडीप धरली आहे आणि उघडीपीपासून ७.५ मीटरपलीकडचा भाग प्रकाशित मानत नाहीत. ९.५ चौ. मी.च्या बेडरूमला सुमारे १.६ चौ. मी.; १.२ बाय १.३५ मीटरची खिडकी दाखवली की नकाशा पास. पण बसवतात ती दोन ट्रॅकची सरकती खिडकी, जी निम्मीच उघडते. हवेला उरले ०.८ चौ. मी. सूचनेत 'खिडकीचे क्षेत्र' असेल तिथे 'प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र' असं करायला सांगा. एका शब्दाची दुरुस्ती आहे, बिल्डरचं फारसं काही जात नाही, आणि म्हणूनच मान्य होण्याजोगी आहे.

आरजी, म्हणजे आताच्या भाषेत लेआउट ओपन स्पेस. १००१ ते २५०० चौ. मी. प्लॉटला १५ टक्के, १०,००० पर्यंत २० आणि त्यापुढे २५. डिसेंबर २०१३मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१च्या नियमांवर निकाल देताना सांगितलं की किमान आरजी जमिनीवरच हवं, पोडियमवरचं ते वरकड. पुढे डीसीपीआरमध्ये वाटणी आली: किमान ६० टक्के जमिनीवर, त्यातलं निम्मं तरी खऱ्या मातीवर, उरलेलं ४० टक्के पोडियमवर चालेल. ३००० चौ. मी.च्या प्लॉटला ६०० चौ. मी. आरजी लागतं, जमिनीवर ३६०, मातीवर फक्त १८०. ही १८० पुढच्या फेरबदलात आणखी घटते का, ते बघा. पोडियमवर झाडं लावता येतात हे खरं, पण झाडाला निदान मीटरभर माती लागते, आणि ओली माती दर चौ. मी.ला पावणेदोन टनांच्या आसपास भार टाकते. तो भार स्लॅबच्या हिशोबात नसेल तर तिथे कुंड्या आणि कृत्रिम हिरवळच येते.

पार्किंगच्या तक्त्यात उंबरठे पाहा. ४५ चौ. मी. कार्पेटपर्यंत चार घरांमागे एक, ४५ ते ६०ला दोन घरांमागे एक, ६० ते ९०ला घरटी एक, त्यावर दोन. ४० चौ. मी.ची ६० घरं असतील तर १५ गाड्या. तीच घरं ६२ चौ. मी.ची झाली की ६०. या ४५ जादा गाड्यांसाठी पोडियम येतो, आणि पोडियमने पहिल्या दोन मजल्यांचा उजेड जातो. स्टेशनजवळच्या प्लॉटला हे प्रमाण वाढवण्याची सूचना असेल तर माझ्या मते विरोध करावा, सभासदांना आवडो न आवडो. यांत्रिक पार्किंग मोजलं जात असेल तर आणखी एक बघा. दोन मजली स्टॅकमध्ये खालची गाडी हलवल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणून दोन्ही जागा एकाच घराला मिळतील असं नियमात हवं. खड्डा घेऊन केलेल्या स्टॅकमध्ये जुलैत पाणी भरतं; पंप आणि जनरेटरची जोड अट म्हणून लिहून घ्या.

अग्निशमनाच्या बाबतीत घासाघीस नकोच. बंबाला ६ मीटर मोकळा, पक्का रस्ता आणि ४८ टन भार पेलणारी फरसबंदी ही मुंबई अग्निशमन दलाची नेहमीची अट. घोळ होतो तो याच ६ मीटरखाली पाण्याची टाकी किंवा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाची टाकी) येते तेव्हा. टाकीचा स्लॅब गाड्यांच्या हिशोबाने ओततात, बंबाच्या नाही. जमिनीखालच्या बांधकामालाही ४८ टनांची अट लागू, असं वाक्य घालायला सांगा.

आणि आता सवलतीचं कलम. विनियम ६(ब) खाली विशेष अडचण दाखवली की आयुक्त मोकळ्या जागेसारख्या अटी शिथिल करू शकतात, आणि त्यासाठी रेडी रेकनरच्या (सरकारी जमीनदराच्या तक्त्यातल्या) दराशी बांधलेला प्रीमियम घेतला जातो. अरुंद, वेड्यावाकड्या प्लॉटला याची गरज असते, हे मान्य. पण वरचे सगळे आकडे कितीही चांगले असले तरी इथे मर्यादा नसेल तर ते दरपत्रक होतं. मागणी अशी करा: शिथिलता आवश्यक जागेच्या ठरावीक टक्क्यांपुढे नाही, बंबाच्या ६ मीटरमध्ये अजिबात नाही, आणि अडचण म्हणजे प्लॉटचा आकार, जास्तीचा एफएसआय बसत नाही ही अडचण धरू नये. माझ्या मते एकच हरकत द्यायची असेल तर ती हीच.

लिहिताना एका हरकतीला एक कलम. विनियमाचा क्रमांक, प्रस्तावित मजकूर जसाच्या तसा, त्याखाली तुम्ही सुचवलेला मजकूर, मग चार ओळींत कारण आणि एक आकृती. 'शहरावर ताण येईल' असली वाक्यं शंभर जण लिहितात आणि ती एकाच ओळीत निकाली निघतात. सोसायटीच्या लेटरहेडवर कमिटीचा ठराव जोडून एक प्रत द्या, आणि सभासदांनी स्वतंत्रपणेही द्याव्यात. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असंच आहे. सुनावणी हवी असं स्पष्ट लिहा. इनवर्ड क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा, नुसत्या ईमेलवर विसंबू नका.

अंतिम मंजुरी कलम ३७(२)च्या, किंवा प्रस्ताव थेट सरकारचा असेल तर ३७(१अअ)खालच्या, अधिसूचनेने येते. तिची मूळ सूचनेशी ओळ न ओळ तुलना करा, विशेषतः चालू प्रकल्पांबद्दलची तरतूद. सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) मिळालेल्या पण ओसी (वापर परवाना) न झालेल्या इमारतीला नवा नियम निवडता येईल असं तिथे बरेचदा असतं. तेव्हा विकासकाशी करारनामा करताना एक अट घाला: नियम बदलल्यामुळे नकाशे सुधारायचे झाले तर सर्वसाधारण सभेच्या लेखी मंजुरीशिवाय ते महापालिकेत सादर करायचे नाहीत, आणि वाढीव क्षेत्रातला सभासदांचा वाटा आजच टक्क्यात लिहून घ्यायचा.