नत्र टाकलं एवढं, गेलं कुठं?

प्रश्न (लातूर): सर, सोयाबीन घेतलं की जमिनीत नत्र (नायट्रोजन) साठतं म्हणतात. आमचं एकरी 10 क्विंटल निघालं, आता त्याच्या मागून घ्यायच्या ज्वारीचा युरिया अर्धा केला तर चालेल का?

10 क्विंटल काढलंत, मस्तच, पण साठण्याचं तेवढं मनावर घेऊ नका. सोयाबीनच्या दाण्यात जवळपास 40 टक्के प्रोटीन, आणि प्रोटीनचा साधारण सहावा हिस्सा नत्रच की! 10 क्विंटल माल अडतीवर घातला म्हणजे 60 किलोच्या आसपास नत्र टेम्पोत बसून गेलं, युरियाच्या 3 गोण्या धरा (45 किलोच्या गोणीत 20.7 किलो नत्र). त्यातलं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनी हवेतून घेतलेलं साधारण अर्धं, फार तर दोन तृतीयांश, उरलेलं तुमच्याच मातीतलं, त्यात भुसकटही बाहेर गेलं तर हिशोब बरोबरीत सुटला तरी नशीब. तुरीचं वेगळं, ती पानं तिथंच गाळते.

आणि गाठी काम करतात का ते तरी बघा. 35-40 दिवसांचं झाड उपटू नका, गाठी मातीतच राहतात, खुरप्यानं मातीसकट काढा, गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर चालू, पांढरी नाहीतर हिरवट असेल तर नुसती शोभेची. पुढच्या वर्षी बियाण्याला रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) लावा, आणि सोयाबीनवर युरियाचा मारा करू नका, आयतं मिळालं की झाड गाठी धरायचा आळस करतं.

प्रश्न (जालना): कपाशीला युरिया फेकला आणि 8 दिवस पाऊसच नाही. वाया गेला का? नीमकोटेड (निंबोळी तेल चोळलेला) होता.

सगळा नाही, पण बराच उडाला असणार. ओलसर काळ्या जमिनीत, त्यात सामू (pH) 8 च्या वर असेल तर, वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन तो हवेत जातो, बंद गोठ्यात नाकाला झोंबतो ना तोच. 2015 पासून देशात शेतीला मिळणारा जवळपास सगळा युरिया नीमकोटेड आहे, पण निंबोळीचं तेल अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवतं, उडणं थांबवत नाही, इथंच गफलत होते. झाडाच्या बाजूला द्या आणि लगेच कोळप्यानं मातीआड करा. उलट रान तुंबलं तर हवा न मिळालेले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात, उरलेला नत्रवायू वर जातो. त्यातला थोडा नायट्रस ऑक्साइड, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या 270 पट तापदायक. म्हणून आधी चर काढा, मग खताचं बोला.

प्रश्न (कोल्हापूर): पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं नाही, तुमचंच ऐकलं, आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला ऊस) पिवळा पडला!

दादा, चूक माझी, अर्धंच सांगितलं होतं. पाचटात कार्बन भरमसाट आणि नत्र नावाला, ते कुजवणारे जिवाणू नत्र मातीतून उचलतात आणि ऊस उपाशी बसतो. पाचट कुट्टी करून त्यावर एकरी एक गोणी युरिया, एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो कुजवणारं कल्चर टाकून पाणी द्यायचं असतं. जिवाणू मेले की ते नत्र परत मातीत येतं. पेटवलं असतं तर धुरात गेलं असतं.

प्रश्न (दापोली): भातखाचरात युरिया किती वेळा टाकायचा?

एकदाच, पण गोळ्या करून. 2.7 ग्रॅमची ब्रिकेट, चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, 7-10 सेंमी खोल, लावणीच्याच दिवशी. चारसूत्री या सुधारित लावणी पद्धतीच्या अंतरानं लावलंत तर गुंठ्याला 625 गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोही नाही. चिखलाच्या त्या थरात हवा नाही त्यामुळे अमोनिया तिथंच राहतो, पाण्यातून वाहत नाही. वाकून दाबताना कंबर मोडते हे मान्य, पण पुन्हा खत घेऊन खाचरात उतरायचं काम नाही.