बारावीच्या टक्क्यांसाठी गणित सोडावे का?

दहावीचा निकाल लागला की विषयनिवडीचा सल्ला देणारी म्हणून इंदूरमधील मराठी घरांतून मला सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न शाखेचा नसतो. वाणिज्य शाखा घ्यायची, एवढे घरात ठरलेले असते. अडते ते पाचव्या विषयापाशी. इंग्रजी, लेखाशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि अर्थशास्त्र हे चार विषय झाल्यावर पाचवा विषय गणित ठेवावा, की त्याऐवजी शारीरिक शिक्षण किंवा इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस हा संगणकाचा विषय घेऊन टक्के सांभाळावेत, असा तो प्रश्न असतो. आणि तो विचारताना पालकांच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. मुलीला गणितात फारशी गती नाही, मग हातचे टक्के कशाला घालवायचे?

राजेंद्रनगरात राहणारे एक कुटुंब हाच प्रश्न घेऊन आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. वडील पिथमपूरच्या कारखान्यात, आई शाळेत शिक्षिका, आणि सोबत बँकेतून निवृत्त झालेले आजोबा. मुलीला दिल्ली विद्यापीठातून अर्थशास्त्र ऑनर्स करायचे होते, आणि ही इच्छा तिची स्वतःची होती, कोणी डोक्यात भरवलेली नव्हती, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळले. शाळेचा अकरावीचा अर्ज भरायला दोन आठवडे उरले होते.

आई म्हणाल्या, "मॅडम, दिल्लीला अठ्ठ्याण्णवच्या खाली विचारत नाहीत म्हणे. गणित घेतलं तर ही नव्वदवर येईल. मैत्रिणी सगळ्या फिजिकल एज्युकेशन घेतायत."

त्यांची माहिती खोटी नव्हती, शिळी होती. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठातील प्रवेश बारावीच्या टक्केवारीवर होत असत आणि त्या वर्षी काही नामांकित महाविद्यालयांची पहिली यादी काही अभ्यासक्रमांसाठी थेट १०० टक्क्यांवर लागली होती. २०२२ पासून मात्र तेथील पदवी प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावी उत्तीर्ण असावे लागते, आणि दोन विद्यार्थ्यांचे सीयूईटीचे गुण समान आले तर बारावीची टक्केवारी पाहिली जाते. याहून अधिक वजन तिला तेथे उरलेले नाही. असे असूनही घरोघरी विषयांची निवड अजून जुन्याच हिशेबाने होते, कारण आत्या, मामा आणि शेजारी जो सल्ला देतात तो त्यांच्या मुलांच्या वेळचा असतो.

आता याच परीक्षेत अर्थशास्त्र ऑनर्ससाठी काय मागतात ते पाहावे. एक भाषा, गणित किंवा अप्लाइड मॅथ्स (उपयोजित गणित), आणि विद्यापीठाच्या यादीतील आणखी कोणतेही दोन विषय. म्हणजे चार पेपरांपैकी एक गणिताचा असलाच पाहिजे. लेखाशास्त्रात पैकीच्या पैकी मिळाले तरी त्याची भरपाई होत नाही. बिझनेस इकॉनॉमिक्स ऑनर्स आणि बीएमएस (व्यवस्थापनाची पदवी) यांनाही गणित लागतेच. बी. कॉम. ऑनर्सला तेवढे गणित किंवा लेखाशास्त्र यांपैकी एक चालते, आणि बहुधा याच सवलतीवरून "कॉमर्सवाल्यांना गणित लागत नाही" अशी समजूत पसरली असावी. शिवाय येथे एक खाच आहे. २०२५ पासून सीयूईटी देताना बारावीत नसलेल्या विषयाचा पेपरही निवडता येतो, त्यामुळे "आता सोडू, परीक्षेपुरते करू" असे काही शिकवण्यांत सांगितले जाते. परंतु बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर द्यावेत, असा दिल्ली विद्यापीठाचा स्वतःचा नियम आहे.

हे ऐकल्यावर आईंचा चेहरा उतरला आणि त्यांनी दुसरे नाव पुढे केले. इंदूरच्याच आयआयएमचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा आयपीएम हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम २०११ पासून आहे, त्याला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो, मग मुलगी इंदूरमध्येच राहून तो का करू नये? शाखेची अट नाही हे खरे आहे. पण त्या प्रवेश परीक्षेत चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग असतात आणि त्यांपैकी दोन गणिताचे असतात, ज्यात लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, क्रमचय आणि संभाव्यता विचारतात. गणित सोडलेल्या मुलीला हे सारे अकरावी-बारावीच्या अभ्यासाशिवाय वेगळे शिकावे लागते. सोडून वाचवलेला वेळ भंवरकुआँ भागातल्या शिकवणीत फी भरून परत द्यावा लागतो, एवढाच फरक.

इथवरचा भाग सोपा होता. नियम वाचून दाखवले की वाद मिटतो. अवघड भाग मुलगी स्वतः बोलली तेव्हा सुरू झाला. दहावीला तिला गणितात ९१ गुण होते. मी ते बोलून दाखवताच ती म्हणाली, "पण मॅडम, ते बेसिकचे आहेत."

सीबीएसई दहावीला गणिताच्या दोन परीक्षा घेते, स्टँडर्ड आणि बेसिक. २०२० च्या बोर्ड परीक्षेपासून ही सोय आहे. दोन्हींचा अभ्यासक्रम एकच असतो, फरक असतो तो प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यात. मूळ नियमानुसार बेसिक घेतलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत पूर्ण, म्हणजे नेहमीचे, गणित घेता येत नाही, अप्लाइड मॅथ्स घेता येते; मंडळाने अलीकडच्या वर्षांत यात सवलत देऊन, विद्यार्थ्याची तयारी पाहून निर्णय घेण्याचे शाळाप्रमुखांवर सोपवले आहे. दहावीचे टक्के वाढावेत म्हणून नववीतच बेसिककडे वळवलेली मुले मला दर वर्षी भेटतात, आणि त्या एका निर्णयाने मुलाच्या मनावर "आपल्याला गणित येत नाही" असा शिक्का बसतो, याकडे शाळांचे लक्ष असते तेवढेच पालकांचे, म्हणजे फारच थोडे.

मी तिला पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका घेऊन पुन्हा यायला सांगितले. टक्क्यांच्या आकड्यावरून गणिताची कुवत कळत नाही, चुकांवरून कळते. समांतर श्रेढी, दोन चलांतील समीकरणे आणि सांख्यिकी जवळजवळ निर्दोष होती. पडताळा न मागता तिने एका उदाहरणाचा पडताळा समासात केलेला होता. त्रिकोणमितीच्या सिद्धतांची दोन उत्तरे मात्र कोरी होती. "दिले आहे" एवढेही लिहिले नव्हते. कारण विचारल्यावर म्हणाली, "येत नव्हतं असं नाही, सुरुवात कुठून करायची तेच कळेना." मला हे उत्तर आवडले, कारण त्यात तिची अडचण नेमकी सापडली होती.

मग मी कागदावर एक कचोरीवाला मांडला. वीस रुपयांना कचोरी विकली तर दिवसाला शंभर खपतात, पंचवीसला विकली तर ऐंशी. तिने लगेच गुणाकार केला: दोन्हीकडे दोन हजारच. क्षणभर थांबून म्हणाली, "मग मधला दर ठेवला तर?" पाच रुपयांत वीस कचोऱ्या कमी होतात म्हणजे रुपयाला चार, हे तिने स्वतःच काढले. बावीसला ब्याण्णव कचोऱ्या, २०२४ रुपये. तेवीसला अठ्ठ्याऐंशी, पुन्हा २०२४. दोन्ही आकडे सारखे आलेले पाहून ती पुढे सरसावून बसली आणि साडेबावीस लिहिले: नव्वद कचोऱ्या, २०२५ रुपये. "याच्यावर जाणार नाही," असे तिने मला सांगितले, विचारले नाही. तोवर गप्प बसलेले आजोबा म्हणाले, "साडेबावीसला कचोरी कोण विकतो ग? सुट्टे कुठून आणणार?"

हे शिखर अंदाजाने न शोधता एका ओळीत काढण्याचे साधन म्हणजे डेरिव्हेटिव्ह, आणि अर्थशास्त्राच्या पदवीत ते पदोपदी लागते, एवढेच मी तिला सांगितले. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सच्या पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या जोडीला गणिती पद्धतींचा आणि संख्याशास्त्राचा पेपर असतो. प्रवेशाची अट ही विद्यापीठाची लहर नसून अभ्यासक्रमाची गरज आहे, हे मुलांना असे हातातून गेल्याशिवाय पटत नाही. एका कचोरीवाल्यावरून मुलगी गणितात हुशार ठरते असे मी म्हणणार नाही. मात्र उत्तर सापडेपर्यंत प्रश्न न सोडणे, हा दोन वर्षांच्या गणिताला लागणारा मुख्य गुण तिच्यापाशी होता, आणि ज्या विषयासाठी दिल्लीला जायचे तो विषय असाच असतो हे कळल्यावर तिचा उत्साह मावळला नाही, वाढला. तो मावळला असता तर मी गणिताऐवजी अर्थशास्त्राच्या निवडीबद्दलच बोलले असते.

आता वडिलांनी दुसरे टोक गाठले. "मग पूर्णच गणित घेऊ दे. उद्या विचार बदलला तर सगळी दारं उघडी राहतील." हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो तपासून घ्यावा लागतो. भौतिक आणि रसायन नसताना अभियांत्रिकीचे दार पूर्ण गणित घेऊनही उघडत नाही. पूर्ण गणिताने अधिकची जी दारे उघडतात ती मुख्यतः गणित आणि संख्याशास्त्राच्या कठीण पदव्यांची, उदाहरणार्थ भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी. स्टॅट.ची, आणि प्रवेशासाठी स्पष्टपणे पूर्ण गणितच मागणाऱ्या काही संस्थांची. तिकडे जायचा तिचा विचार नव्हता. त्यासाठी त्रिकोणमिती, शंकुच्छेद आणि त्रिमितीय भूमितीचा भार दोन वर्षे वाहायचा, आणि तोही सिद्धतांपाशी अडखळणाऱ्या मुलीने, हे मला पटेना.

अप्लाइड मॅथ्स हा विषय सीबीएसईने अकरावीला २०२०-२१ पासून सुरू केला. त्यात मॅट्रिक्स, कॅल्क्युलस, संभाव्यता, वित्तीय गणित आणि रेषीय प्रोग्रामिंग येते. म्हणजे अर्थशास्त्राला लागणारे बरेचसे येते, आणि अकरावीच्या अर्थशास्त्रातील सांख्यिकीशी त्याची सांगडही बसते. सीयूईटीत गणित आणि अप्लाइड मॅथ्स यांचा पेपर एकच असतो: पन्नासपैकी पंधरा प्रश्न दोघांना समान आणि उरलेले पस्तीस आपापल्या विषयाचे. हा विषय म्हणजे गणिताची पळवाट आहे असे काही शिक्षकही म्हणतात. मला ते मान्य नाही. त्याची खरी अडचण वेगळी आहे. इंदूरमधील अनेक शाळांत तो शिकवलाच जात नाही, आणि जेथे नुकता सुरू झाला आहे तेथे पुरेसे विद्यार्थी मिळाले नाहीत तर वर्ग बंद होण्याची धास्ती असते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी हा वर्ग बारावीपर्यंत चालणार आहे का आणि शिकवणार कोण, हे वडिलांनी शाळेत प्रत्यक्ष विचारून यावे, असे मी सुचवले. शाळेने नकार दिला असता तर गणित सोडायचे नव्हते, शाळाप्रमुखांची परवानगी घेऊन पूर्ण गणितच घ्यायचे होते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर वाणिज्य शाखेच्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात मी गणित बांधते असा समज होईल. त्याच आठवड्यात आलेल्या एका मुलाला मी गणित सोडायला निःशंकपणे सांगितले. त्याला कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता, आणि क्लॅट या त्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताचे थोडेच प्रश्न असतात, तेही दहावीच्या पातळीचे. सीए करणाऱ्यांनाही बारावीचे गणित सक्तीचे नाही, मात्र फाउंडेशन या सीएच्या पहिल्या परीक्षेला व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा शंभर गुणांचा एक पेपर असतो, हे ठाऊक असावे.

शाळेने होकार दिला आणि मुलीने अर्जात इंग्रजी, लेखाशास्त्र, व्यवसाय अध्ययन, अर्थशास्त्र आणि अप्लाइड मॅथ्स असे विषय भरले. सहामाहीला गणितात तिला इतर विषयांपेक्षा बरेच कमी गुण पडले. आईंचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात "सांगितलं होतं ना" असे काहीसे होते, जे मला अपेक्षितच होते. मी पुन्हा उत्तरपत्रिका मागवली. या वेळी कोरे उत्तर एकही नव्हते. चुका होत्या त्या आकडेमोडीच्या आणि दोन ठिकाणी सूत्र उलटे लावल्याच्या, ज्या सरावाने जातात.

त्यानंतर पालकांनी विचारले की आतापासूनच सीयूईटीची शिकवणी लावावी का. मी नको म्हटले. त्या परीक्षेतील विषयांचे पेपर मुख्यतः बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, त्यामुळे अकरावीत शिकवणीवर खर्च करण्यापेक्षा एनसीईआरटीची पुस्तके नीट वाचून व्हावीत आणि गणिताची रोज थोडी उदाहरणे सुटावीत. विद्यापीठ विषयांच्या अटी दर वर्षी नव्या माहितीपत्रकात देते, म्हणून बारावीच्या वर्षी, सीयूईटीचा अर्ज भरताना, ते पत्रक मुलीने स्वतः वाचावे आणि मगच पेपर निवडावेत, हेही मी त्यांना सांगून ठेवले आहे.