आर्मेनियन चर्चच्या उन्हाळी फूड फेस्टिव्हलला जातोय, अमेरिकेत. शाकाहारी माणसाला काय मिळेल?

पोटभर मिळेल, फक्त कबाबची रांग सोडून आधी यालांजी कुठे आहे ते बघा. द्राक्षाच्या पानात कांदा-तांदळाचं सारण भरून ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या, गार वाढलेल्या बोटभर गुंडाळ्या. लिंबामुळे आंबटसर लागतात. तुर्की भाषेत या नावाचा अर्थच 'खोटारडा', म्हणजे आत मांस नाही. आर्मेनियन चर्चच्या कडक उपवासात मांसच काय, दूध-अंडीही चालत नाहीत, त्यामुळे असे तेलातले पदार्थ त्यांच्याकडे मुबलक. ईचही घ्या: दलिया, टोमॅटो, कांदा, पार्सली, दिसायला थेट आपला तिखट सांजा. शिवाय चीजचे बोरेग (पातळ पापुद्र्यांत चीज भरून भाजलेले) आणि पाख्लावा (सुकामेव्याची पाकातली पापुद्र्यांची मिठाई, म्हणजे बकलावा) आहेतच.

मात्र पिलाफ, म्हणजे त्यांचा पुलाव, बघून फसू नका. दिसतो साधा, पण बऱ्याचदा चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलेला असतो, तेव्हा विचारूनच घ्या. 'सार्मा' (पानांच्या भरलेल्या गुंडाळ्या) लिहिलं असेल तर आत खिमा आहे का तेही विचारा.

तारीख निवडता येत असेल तर 15 ऑगस्टच्या जवळचा रविवार धरा. त्या दिवशी चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात आणि मग ती प्रसादासारखी सगळ्यांना वाटतात.