घोडीची शेपटी डिसेंबरपर्यंत दाट आणि लांब करायला कोणतं तेल लावू?

दादा, मारवाडी घोडी आहे, शेपटीच्या वरच्या भागातले केस तुटून उभे राहिलेत, खाली विरळ आहे आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला न्यायचीय असं तुम्ही लिहिलंय. तेलाचं नंतर बघू, आधी हिशोब करा. शेपटीचा केस महिन्याला फार तर इंचभर वाढतो, तोही खाणं चांगलं असेल तर. आत्ता जुलै चाललाय, म्हणजे डिसेंबरपर्यंत चार-पाच इंच मिळाले तरी खूप झालं. खुरापर्यंत लोळणारी शेपटी दोन-तीन वर्षांची कमाई असते, तेव्हा जे आहे ते तुटू द्यायचं नाही एवढंच तुमच्या हातात आहे.

तुमच्या वर्णनावरून घोडी शेपटी घासतेय हे जवळपास नक्की. पागेच्या भिंतीला नाहीतर खुंटाला केस चिकटलेत का बघा. मग ती कशामुळे घासते ते शोधायचं. बाजूला उभं राहून, घोडीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून (सरळ मागे जाऊन उभे राहू नका, मारवाडी घोडी फटकन लाथ घालते) शेपटी उचला आणि खालून नीट बघा. गोचीड आहेत का? गुदद्वाराभोवती पिवळट-पांढरा खरपुड्यासारखा थर दिसतोय का? तो थर म्हणजे एका जातीच्या जंतांची अंडी असू शकतात, हा जंत बाहेर येऊन तिथेच अंडी घालतो आणि मग भयंकर खाज सुटते. शेणाच्या तपासणीत हा बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणून सकाळी धुवायच्या आधी तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून काढा आणि ती डॉक्टरांकडे द्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी लगेच कळतात. जंताचं औषध वजन बघून त्यांनाच द्यायला सांगा, आणि ती जागा रोज ओल्या फडक्याने पुसा, फडकं दुसऱ्या घोड्याला वापरू नका.

घोडी आहे म्हणून अजून एक, हे घोड्यांची निगा राखणारे बरेच मोतद्दारसुद्धा विसरतात. तिच्या कासेत दोन सडांच्या मधे काळा चिकट मळ साठतो, तिला तिथे खाजवता येत नाही मग ती शेपटीच घासत बसते. कोमट पाण्याने हळूच धुऊन काढा. आणि पावसाळा आहे तर चिलटं असणारच, पहाटे आणि दिवेलागणीला ती जास्त चावतात, त्या वेळी घोडी आत घ्या आणि फॅन लावा, चिलटांना वाऱ्यात नीट उडता येत नाही.

खाण्यात काय देता ते लिहिलं नाहीये. सुबाभळीचा पाला देत असाल तर आजच बंद करा. शेळ्यांना चालतो म्हणून लोक घोड्यालाही टाकतात, पण त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषाने घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस गळतात, शेळी-गायीच्या पोटातले जंतू ते विष मोडू शकतात, घोड्याकडे ती सोय नाही. बाकी मेथी घास, थोडी जवस, आणि मिनरल मिक्श्चर घोड्यांचंच घ्या, झिंक-तांबं कमी पडलं तर केस ठिसूळ होतो.

आता निगा. खरारा अंगाला रोज करा पण शेपटीला लावायचा नाही, प्लास्टिकचा कंगवा पण नको. बोटांनी, कोरड्या केसांत थोडं खोबरेल नाहीतर कंडिशनर लावून खालच्या टोकापासून वर वर गुंता सोडवायचा, आणि तेही रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. शाम्पू पंधरा-वीस दिवसांनी, आणि पाण्याने इतकं धुवा की बोटाला बुळबुळ लागता कामा नये, शाम्पू मुळाशी राहिला की परत खाज. तेल जास्त चोपडलं की धूळ-माती धरते, तेलाने केस लांब होतो वगैरे काही नसतं बरं का.

वेणी घालायची तर शेपटीचं हाड संपतं तिथून खाली, सैल, आणि पूर्ण वाळल्यावरच. वेणीवर सुती कापडाची पिशवी चालते, पण दर आठवड्याला सोडून बघा, आणि चिलटांच्या दिवसांत पिशवी घातली की तिला माशा हाकलता येत नाहीत, म्हणून मी तरी सप्टेंबर संपेपर्यंत घालणार नाही.

टेम्पोतून नेताना मागच्या फाळक्याला टेकून अर्धी शेपटी घासली जाते. तेवढ्यापुरतं वरच्या भागाला क्रेप बँडेज गुंडाळा, बोट आरामात आत जाईल एवढं सैल, आणि लांबचा प्रवास असेल तर मधे थांबून सोडा. घट्ट बांधून रात्रभर ठेवलं तर रक्त थांबतं, केस पांढरे उगवतात आणि फारच झालं तर कातडी सडते. उतरल्यावर आधी बँडेज काढा, मग चहा प्यायला जा.

शेपटीखालचा फोटो टाका जमलं तर, म्हणजे गोचीड की जंत याचा अंदाज सांगता येईल.